शिडाच्या युद्धनौकांची चित्रं: पहिली प्रिंट घेण्याआधी

बहुतेक जण आधी चित्र पसंत करतात आणि ते भिंतीवर लागल्यावर त्यातलं जहाज कुठलं ते शोधत बसतात. क्रम उलटा ठेवा. युरोपात या चित्रांची छपाई साडेतीनशे वर्षांहून जास्त काळ चाललेली आहे. त्यातलं ‘कुठलंही एक छानसं’ निवडायला गेलात तर सोफ्याच्या कापडाशी जुळणारं काहीतरी घेऊन घरी याल. एक जहाज किंवा एक लढाई धरलीत, तर दुकानदाराने पुढे केलेल्या दहा चित्रांतली आठ आपोआप बाजूला पडतात, आणि उरलेल्या दोनांत काय पाहायचं हे कळायला लागतं.

हा लेख पुण्यातल्या नवशिक्यांसाठी आहे. कुणाकडे तरी, बहुधा नौदलातून निवृत्त झालेल्या एखाद्या काकांच्या हॉलमध्ये, असं चित्र पाहिलंय आणि आपल्याकडेही एक हवं असं वाटतंय, अशांसाठी. गुंतवणूक म्हणून घेणाऱ्यांनी दुसरीकडे चौकशी करावी.

पहिली पायरी: जहाज ठरवा

सगळ्यात सोपा आणि सगळ्यांकडे असलेला पर्याय म्हणजे ‘व्हिक्टरी’. १७५९ मध्ये बांधायला घेतलं, १७६५ मध्ये पाण्यात उतरवलं आणि १८०५ मध्ये ट्रफाल्गरच्या लढाईत याच जहाजाच्या डेकवर ब्रिटिश ॲडमिरल नेल्सनला गोळी लागली. जहाज आजही पोर्ट्समथला कोरड्या गोदीत उभं आहे, म्हणजे चित्रकाराने काय बरोबर काढलंय आणि काय नाही हे फोटोशी ताडून बघता येतं. शिकण्यासाठी उत्तम, पण वेगळेपणाची हौस असेल तर पुढे चला.

‘टेमेरेअर’ हे दुसरं लोकप्रिय जहाज. ट्रफाल्गरला व्हिक्टरीच्या पाठोपाठ लढलेलं, आणि १८३८ मध्ये भंगारात काढायला थेम्स नदीतून ओढत नेलेलं. टर्नर या इंग्लिश चित्रकाराचं ते प्रसिद्ध चित्र याच प्रवासाचं आहे. प्रत्यक्षात तेव्हा जहाजाच्या डोलकाठ्या आधीच काढून टाकल्या होत्या आणि ओढायला दोन वाफेच्या बोटी होत्या. टर्नरने डोलकाठ्या ठेवल्या आणि बोट एकच काढली. चित्र म्हणून ते थोरच आहे, फक्त त्याच्याकडून जहाजाचं शिक्षण घेऊ नका.

माझा स्वतःचा कल मुंबईत बांधलेल्या जहाजांकडे आहे. वाडिया घराण्याच्या कारागिरांनी मुंबईच्या गोदीत सागवानाची जी जहाजं बांधली, त्यांतली कित्येक थेट ब्रिटिश नौदलात गेली. १८१३ चं ‘कॉर्नवॉलिस’ घ्या, १८४२ चा ब्रिटन आणि चीन यांच्यातला नानकिंगचा तह याच जहाजावर झाला. १८२४ चं ‘एशिया’ १८२७ च्या, ग्रीसमधल्या नवारिनोच्या लढाईत ब्रिटिश ॲडमिरलचं निशाण मिरवत होतं, आणि निव्वळ शिडाच्या जहाजांनी लढलेली ती शेवटची मोठी लढाई. त्या लढाईला हजर असलेल्या चित्रकाराची लिथोग्राफ (शिळाछाप) चित्रं पुढच्याच वर्षी छापली गेली. आणि १८१७ चं ‘ट्रिंकोमाली’ हे फ्रिगेट अजून तरंगतंय, इंग्लंडमध्ये हार्टलपूलला. आपल्याच किनाऱ्यावर बांधलेलं जहाज आपल्या भिंतीवर असावं यात काही विशेष समजूत घालावी लागत नाही.

राहिलं मराठा आरमार. इथे पुणेकराने जरा सांभाळून चालावं, कारण ऑनलाइन मिळणाऱ्या ‘मराठा आरमार’ पोस्टरांपैकी पुष्कळशी सरळ स्पॅनिश किंवा इंग्लिश जहाजं असतात आणि त्यांच्यावर भगवा चढवलेला असतो. तीन-तीन मजली तोफा, मागे नक्षीदार खिडक्यांची माडी, उंच नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं तोंड. आपली गुराब, म्हणजे मराठा आरमारातलं मोठं लढाऊ जहाज, अशी नव्हती. अठराव्या शतकातल्या इंग्रजी वर्णनांप्रमाणे गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या असत, क्वचित तीन. तळ उथळ, लांबीच्या मानाने रुंदी भरपूर, आणि पुढे उंच नाळेऐवजी भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखं पाण्यालगत पुढे आलेलं टोक. त्या टोकावरून समोर मारा करायच्या तोफा. गलबत त्याहून लहान, जास्तीत जास्त सत्तर टनांच्या आसपास, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. पोस्टरमधल्या जहाजाचं पुढचं टोक बघा. ते खाली झुकून पुढे आलेलं नसेल तर पोस्टर परत ठेवा.

या विषयावरचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं चित्र मात्र शत्रूच्या बाजूचं आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये ब्रिटिश ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्हने विजयदुर्गावर, त्यांच्या भाषेत ‘घेरिया’वर, हल्ला केला. आंग्र्यांच्या एका जहाजाला आग लागली आणि शेजारीशेजारी उभं असलेलं आरमार जळून गेलं. डॉमिनिक सेरेस या चित्रकाराने १७७१ मध्ये तो प्रसंग रंगवला आणि ते चित्र लंडनमधल्या ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात आहे. तुळाजी आंग्र्यांविरुद्धच्या या मोहिमेत इंग्रजांच्या बाजूला नानासाहेब पेशवे होते, म्हणजे या चित्राची एक दोरी थेट शनिवारवाड्यात येते. त्यावरून घरात वाद होणार हे गृहीत धरा. शिवाय ‘जळतं जहाज हॉलमध्ये कशाला?’ असं आजी किंवा सासूबाई विचारतीलच. त्याला माझ्याकडे उत्तर नाही, अभ्यासिकेत लावा.

दुसरी पायरी: चित्रातलं जहाज वाचायला शिका

यात घाई करू नका. एका संध्याकाळचं काम आहे, पण आयुष्यभर उपयोगी पडतं.

डोलकाठ्या मोजा. तीन असतील आणि तिन्हींवर आडव्या परबाणांना (शीड बांधायच्या लाकडी दांड्यांना) चौकोनी शिडं असतील तर ते पूर्ण ‘शिप’. दोनच असतील तर बहुधा ब्रिग. मग बाजूच्या तोफांच्या झरोक्यांच्या ओळी मोजा. पूर्ण लांबीची एकच ओळ म्हणजे फ्रिगेट, टेहळणी आणि पाठलागाचं वेगवान जहाज. दोन ओळी म्हणजे बहुतेक वेळा ७४ तोफांचं, त्या काळातलं नेहमीचं लढाऊ जहाज. तीन ओळी म्हणजे व्हिक्टरीसारखं शंभर तोफांच्या घरातलं, ॲडमिरलचं जहाज. चित्राखाली ‘फ्रिगेट’ लिहिलंय आणि झरोक्यांच्या ओळी तीन आहेत, तर कुणीतरी झोपेत मथळा लिहिलाय.

आता वारा. नवखे लोक हमखास अडतात ते इथे. मोटारीवरचा झेंडा मागे फडफडतो, म्हणून जहाजाचाही झेंडा मागे उडायला हवा असं वाटतं. पण शिडाचं जहाज वाऱ्यानेच चालतं आणि त्याच्यापेक्षा हळू चालतं. वारा मागून येत असेल तर झेंडे पुढे, नाळेकडे उडणार. वारा बाजूने असेल तर झेंडे दुसऱ्या बाजूला आणि थोडे मागे झुकणार. मग शिडांकडे बघा, ती फुगलीत त्याच दिशेला झेंडे आहेत का? किनाऱ्यावरच्या चिमणीचा धूर, तोफांचा धूर, लाटांचा फेस, सगळं एकाच वाऱ्याचं ऐकतंय का? निकोलस पोकॉक चित्रकार होण्याआधी स्वतः जहाजाचा कप्तान होता, त्याच्या चित्रांत या गोष्टी जागच्या जागी असतात. हॉटेलच्या लॉबीसाठी घाऊक काढलेल्या चित्रांत झेंडे एकीकडे आणि शिडं दुसरीकडे, असं सर्रास दिसतं. एकदा दिसलं की नजरेआड करता येत नाही, म्हणून विकत घेण्याआधी बघा.

झेंड्यावरून कालही कळतो. ब्रिटिश युनियन जॅकमध्ये तिरका लाल क्रॉस १८०१ मध्ये आला. १७५६ च्या घेरियाच्या चित्रात तो दिसला तर चित्रकाराने गृहपाठ केलेला नाही. जहाजाच्या बाजूंवर रंगवलेल्या काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचंही तसंच. नेल्सनच्या आरमाराने ते लोकप्रिय केले, त्यामुळे विजयदुर्गासमोरच्या जहाजांना ते शोभत नाहीत.

तिसरी पायरी: भिंग घेऊन कागद बघा

घड्याळ दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या दुकानात दहापट मोठं दाखवणारं भिंग मिळतं. ते खिशात ठेवा. विकणारा ‘ओरिजिनल जुनी प्रिंट आहे साहेब’ म्हणाला की आकाशाच्या एखाद्या फिक्या भागावर भिंग टेकवा.

रंगीत ठिपक्यांची नियमित फुलं दिसली, निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके गोलात मांडल्यासारखे, तर ती ऑफसेट छपाई. गेल्या काही दशकांतलं पोस्टर किंवा कॅलेंडरचं पान. रंगांचे बारीक, अनियमित शिंतोडे दिसले तर इंकजेट, ज्याला दुकानदार ‘जिक्ले’ म्हणतात. यात वाईट काही नाही, फक्त त्याची किंमत जुन्या प्रिंटची नसावी. काळ्या रेषाच रेषा, एकमेकींना छेदणाऱ्या, टोकाला निमुळत्या होत गेलेल्या दिसल्या तर तांब्याच्या किंवा पोलादाच्या पत्र्यावरचं कोरीवकाम. आणि रेषांऐवजी अंगावर काटा आल्यासारखी दाणेदार, जाळीदार सावली दिसली, तर ॲक्वाटिंट. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून जहाजांच्या लढायांची चित्रं याच पद्धतीने भरपूर निघाली, कारण धूर आणि ढग यात सुंदर उतरतात. लिथोग्राफमध्ये खडूने दगडावर ओढल्यासारखा मऊ कण दिसतो. ही आपली जुनी शिळाछाप. पुण्याच्या चित्रशाळा प्रेसने १८७८ पासून देवदेवतांची आणि ऐतिहासिक व्यक्तींची चित्रं अशीच घरोघरी पोचवली. आजोबांच्या वाड्यात असं एखादं उरलं असेल तर त्यावर भिंग धरून बघा, शिकायला याहून स्वस्त वर्ग नाही.

मग प्रिंट उलटी करा. मागे इंग्रजी मजकुराचे कॉलम छापलेले असतील तर ते एकोणिसाव्या शतकातल्या सचित्र साप्ताहिकातून कापलेलं पान आहे. खरंच जुनं आहे, पण त्या काळी हजारोंनी छापलेलं, आणि त्यावरचा रंग बहुतेकदा नंतर कुणीतरी भरलेला. मधोमध घडी असेल तर पुस्तकातून किंवा नियतकालिकातून निघालेलं. दोन्ही घ्यायला हरकत नाही. भाव मात्र त्याप्रमाणे करा.

अजून एक युक्ती. नोटा तपासायचा जांभळा दिवा बऱ्याच दुकानांत गल्ल्यापाशी असतो. त्याखाली कागद धरा. लख्ख निळसर चमकला तर त्यात चकाकी आणणारं रसायन आहे, आणि अशी रसायनं कागदात साधारण १९५० नंतर सरसकट आली. अठराशे सालच्या ॲक्वाटिंटने निळं चमकायचं कारण नाही. न चमकला म्हणजे जुनाच, असा उलटा निष्कर्ष मात्र काढू नका. आजचे चांगले कागदही चमकत नाहीत.

चौथी पायरी: कुठे शोधायचं

पुण्यात सागरी चित्रांचं खास दुकान शोधत फिरू नका. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात फ्रेमसकट चित्रं येतात, कुणाचा तरी बंगला रिकामा झाला की. तिथे फ्रेमचीच किंमत धरा, आतलं चित्र नशिबाचं. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास आणि पेठांतल्या रद्दीवाल्यांकडे जुनी इंग्रजी चित्रमय पुस्तकं निघतात. त्यातली जहाजांची पानं सुटी झालेली असतील तर विचारा, पण धडधाकट पुस्तक चित्रांसाठी फाडायला लावू नका.

मुंबई बंदराची दृश्यं चालणार असतील तर जेम्स वेल्सचं नाव लक्षात ठेवा. १७९० च्या दशकात पुण्यात राहून सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांची चित्रं काढणारा हाच तो. त्याने काढलेली मुंबईची बारा दृश्यं त्याच्या मृत्यूनंतर, १८०० मध्ये प्रसिद्ध झाली. मूळ प्रती दुर्मीळ आहेत, प्रतिकृती बघायला मिळतात.

परदेशातून मागवणार असाल तर कुरिअर कंपनी ओळखपत्र मागेल आणि कस्टम ड्युटी भरावी लागेल, हे दोन्ही आधी विचारून घ्या. विक्रेत्याला सांगा की प्रिंट गुंडाळून जाड नळकांड्यात पाठवा, काच आणि फ्रेम नको. आणि शंभर वर्षांहून जुनी प्रिंट एकदा घेतलीत की ती अमेरिकेतल्या मुलाला भेट पाठवता येईल असं समजू नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने खासगी माणसाला अशी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही.

पाचवी पायरी: स्वतः छापून घ्या

खरं सांगायचं तर पहिल्या चित्रासाठी हाच मार्ग. अ‍ॅमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम, न्यू यॉर्कचं मेट्रोपॉलिटन आणि येलचं ब्रिटिश कलेचं केंद्र, या तिघांच्या संकेतस्थळांवर स्वामित्वहक्क संपलेल्या चित्रांच्या मोठ्या फाइल्स फुकट उतरवता येतात. राइक्सम्युझियममध्ये धाकट्या विलेम व्हान द वेल्डेचं तोफेचा बार सोडणाऱ्या जहाजाचं चित्र आहे, साधारण १६८० चं. वारा पडलेला, शिडं लोंबकळलेली, आणि एकाच तोफेचा धूर. नवशिक्याने इथून सुरुवात करावी असं मला वाटतं. या विलेमचे वडील लढाईच्या वेळी छोट्या होडीतून आरमाराबरोबर जाऊन जागेवर रेखाटनं करत, त्यामुळे या घराण्याच्या जहाजांवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

फाइल किती मोठी हवी? इंचाला ३०० पिक्सेल धरून ए-थ्री आकाराला ३५०८ गुणिले ४९६१ पिक्सेल लागतात, ए-टूला ४९६१ गुणिले ७०१६. सोफ्यामागे लावून सहा-सात फुटांवरून बघणार असाल तर इंचाला २०० सुद्धा पुरतात. त्याखाली गेलात की दोरखंडांच्या बारीक रेषा पायऱ्या-पायऱ्यांच्या दिसायला लागतात, आणि शिडाच्या जहाजात दोरखंड गेले की काय उरलं?

छापणाऱ्याला तीन गोष्टी सांगा. पिगमेंट शाई, कापसाचा किंवा ॲसिड-फ्री मॅट कागद, आणि चारही बाजूंनी निदान दोन इंच कोरी कड. तो कॅनव्हास सुचवेल, कारण सध्या त्याचीच चलती आहे. कोरीवकामाची प्रिंट कॅनव्हासवर छापली की कापडाच्या विणीत रेषा हरवतात, तेव्हा नको म्हणा. आणि ‘रंग जरा उठवून देतो’ याला आधीच अडवा. व्हान द वेल्डेचं राखाडी आकाश उठवलं की महाबळेश्वरच्या पोस्टकार्डासारखं निळं होतं. आधी एक छोटा तुकडा छापून घरच्या दिव्यात बघा.

हक्काचा मुद्दा. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत स्वामित्वहक्क राहतो. टर्नर १८५१ मध्ये गेला, डब्ल्यू. एल. वायली १९३१ मध्ये, त्यांचं छापा. मॉन्टेग्यू डॉसन १९७३ मध्ये गेला, म्हणजे त्याची ती फेसाळत्या समुद्रावरची देखणी जहाजं २०३३ च्या अखेरीपर्यंत परवानगीशिवाय छापता येत नाहीत. डॉसनच हवा असेल तर त्याने पेन्सिलीने सही केलेल्या जुन्या प्रिंट बाजारात असतात. सही भिंगाखाली बघा, ग्राफाइट चमकतं, छापलेली सही चमकत नाही.

सहावी पायरी: फ्रेम, आणि पुण्याचा पावसाळा

पैसे वाचवायचे असतील तर चित्रात वाचवा, फ्रेममध्ये नको. पुण्यात चित्रं उन्हापेक्षा ओलीने जास्त मरतात. फ्रेमवाल्याकडचा संवाद साधारण असा होतो:

‘लॅमिनेट करून देऊ का? पाण्याचं टेन्शन नाही.’

‘नको काका. काच लावा, पण माउंट घालून.’

‘माउंट कशाला? चित्र छोटं दिसतं.’

‘काच कागदाला चिकटायला नको म्हणून.’

इथे ठाम राहा. लॅमिनेशन परत काढता येत नाही. माउंट म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, तिच्यामुळे काच आणि कागद यांच्यात हवेची फट राहते. ती नसेल तर जुलैत काचेच्या आतून दमटपणा धरतो, शाई काचेला चिकटते आणि काढायला गेलं की आकाश काचेवरच राहतं. माउंट बोर्ड ॲसिड-फ्री मागा. साध्या बोर्डाची कापलेली तिरकी कड काही वर्षांत तपकिरी पडते आणि तीच रेघ चित्रावर उमटते. मागे हार्डबोर्ड असेल तर त्याच्या आणि प्रिंटच्या मध्ये ॲसिड-फ्री बोर्ड घालायला सांगा.

प्रिंट फेव्हिकॉलने पूर्ण चिकटवू द्यायची नाही, सेलोटेपही नाही. वरच्या बाजूला दोनच ठिकाणी पातळ जपानी कागदाच्या बिजागऱ्या, गव्हाच्या किंवा मैद्याच्या पातळ खळीने लावलेल्या. बाकी कागद मोकळा लोंबता राहू दे. हवेतल्या ओलीने कागद फुगतो आणि आकसतो, त्याला जागा हवी. फ्रेमवाला ‘सुरकुती पडेल’ म्हणेल. थोडीशी पडतेही. दिवाळीपर्यंत हवा कोरडी झाली की उतरते.

पट्टी साधी घ्या, गडद लाकडी किंवा काळी. सोनेरी नक्षीची पट्टी लग्नाच्या फोटोला ठेवा.

सातवी पायरी: भिंत

नैर्ऋत्येचा पाऊस ज्या बाहेरच्या भिंतीवर आपटतो, म्हणजे दक्षिण किंवा पश्चिमेची भिंत, ती टाळा. आतली, दोन खोल्यांमधली भिंत उत्तम. फ्रेमच्या मागच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना रबराची छोटी बटणं लावा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात वारा खेळतो. दुपारचं ऊन थेट पडत असेल तर ती जागा कितीही शोभिवंत असो, सोडून द्या. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवा, आपल्याकडे चित्रं सवयीने फार उंच टांगली जातात.

जहाजाचं तोंड दाराकडे असलं की पैसा बाहेर जातो, असं कुणीतरी सांगेलच. जहाज डावीकडे चाललंय की उजवीकडे हे खरेदीआधी बघून ठेवा, म्हणजे वाद लवकर मिटतो. पण त्यासाठी फाइल आरशासारखी उलटी करून छापू नका, झेंड्यांवरची चिन्हं आणि जहाजाचं नाव दोन्ही उलटे होतात.

फ्रेमच्या मागे एक चिठ्ठी चिकटवा: जहाज, चित्रकार, मूळ चित्राचं साल, छपाईची पद्धत, कुठून आणि केव्हा घेतलं. ऑगस्टमध्ये एकदा फ्रेम उतरवून मागची बाजू बघा. कागदावर तपकिरी ठिपके, चंदेरी कसर किंवा बुरशीचा वास असेल तर पट्टी उघडून प्रिंट बाहेर काढा, सावलीत, पंख्याखाली वाळू द्या. डांबरगोळ्या फ्रेमच्या आत ठेवू नका, आणि जुन्या प्रिंटचे डाग ब्लीचने घरी काढू नका. ते काम कागद दुरुस्तीच्या जाणकाराचं आहे.